ॲमेझॉनवर पडणारा पाऊस येतो कुठून?

ॲमेझॉन नदी अटलांटिक महासागरात दर सेकंदाला सरासरी दोन लाख घनमीटरच्या आसपास पाणी ओतते. धरणांच्या विसर्गाच्या बातम्यांत येणारे क्युसेकचे माप लावले, तर हा आकडा ७० लाख क्युसेक होतो. तोही पुराच्या एखाद्या दिवसाचा नव्हे, वर्षभराच्या सरासरीचा. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्राला जेवढे पाणी देतात, त्याचा पाचवा-सहावा हिस्सा या एकट्या नदीचा आहे. नदीत हे पाणी पावसातून येते, हे उघड आहे. पण पावसात ते कुठून येते? शाळेतल्या जलचक्राच्या चित्रात समुद्राकडून जमिनीकडे जाणारा एक जाड बाण असतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तेवढ्या बाणाने भागत नाही. तिथे पडणाऱ्या पावसाचा मोठा हिस्सा समुद्रावरून थेट आलेला नसतो. तो याच खोऱ्यात आधी एकदा पडून गेलेला असतो. हे कसे कळले आणि त्यातून काय निष्पन्न होते, ते क्रमाने पाहू.

कोडे काय आहे

ॲमेझॉनच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ ६० लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे भारताच्या जवळजवळ दुप्पट आहे. खोऱ्यावर वर्षाला सरासरी २२०० मिलिमीटर पाऊस पडतो. बाष्प आणणारे वारे पूर्वेकडून, अटलांटिकवरून येतात. किनाऱ्याजवळचे बेलेम, तिथून सुमारे १३०० किलोमीटर आत असलेले मनौस आणि सुमारे २७०० किलोमीटर आतले पेरू देशातील इकितोस ही तीन शहरे या वाऱ्यांच्या वाटेवर साधारण ओळीने आहेत.

विषुववृत्तीय प्रदेशात जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेतले सगळे बाष्प एकदम खाली उतरवले, तरी ते ५० मिलिमीटरच्या आसपासच भरते. खोऱ्यातला सरासरी पाऊस दिवसाला सहा मिलिमीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला बेलेमहून इकितोसला जायला साडेचार दिवस लागतात. म्हणजे या ढोबळ हिशेबाने तिथे पोचेपर्यंत हवेतले निम्मे बाष्प संपलेले असायला हवे आणि पाऊसही बराच घटलेला दिसायला हवा. प्रत्यक्षात इकितोसला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाटेत कुणीतरी हवेत पाणी भरते आहे, हे त्यावरून दिसते.

आवक आणि जावक

पहिला हिशेब अगदी साधा आहे. खोऱ्यावर पडलेल्या २२०० मिलिमीटरपैकी जवळजवळ निम्मे पाणी नदीवाटे समुद्राला मिळते. उरलेले निम्मे बाष्प होऊन हवेत परत जाते. काही पाणी माती, पाने आणि पाणथळ जागांवरून उडून जाते. पण मोठा वाटा झाडांच्या बाष्पोच्छ्वासाचा आहे. मुळांनी शोषलेले पाणी पानांच्या रंध्रांतून बाहेर पडते. जंगलातले मोठे झाड दिवसाला शेकडो लिटर पाणी असे हवेत सोडते.

यातून एक पक्की गोष्ट हाती लागते. वर्षानुवर्षांचा विचार केला, तर नदी समुद्राला जेवढे पाणी देते तेवढेच निव्वळ बाष्प आकाशमार्गाने खोऱ्यात येत असले पाहिजे. नाहीतर खोरे कोरडे पडत गेले असते किंवा बुडाले असते.

मात्र निम्म्या पावसाचे बाष्प होते म्हणून निम्मा पाऊस खोऱ्याचा स्वतःचा, असे म्हणता येत नाही. वर गेलेले सगळे बाष्प खोऱ्यातच परत पडत नाही. बरेचसे वाऱ्याबरोबर बाहेर निघून जाते. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो: एखाद्या ठिकाणी पडलेल्या थेंबाचे शेवटचे बाष्पीभवन कुठे झाले होते? समुद्रावर की खोऱ्यातल्या जमिनीवर?

समुद्राचा वाटा ऋतूप्रमाणे बदलतो

बाहेरून येणाऱ्या बाष्पाचा मुख्य पुरवठादार उष्णकटिबंधीय अटलांटिक आहे. पण तो वर्षभर एकाच दिशेने पुरवठा करत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून खोऱ्यात शिरतात आणि उत्तर अटलांटिकचे बाष्प आणतात. जून ते ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा जोर असतो, तेव्हा दक्षिण अटलांटिकचा वाटा वाढतो. पश्चिमेचा प्रशांत महासागर नकाशावर अगदी जवळ दिसतो. परंतु मध्ये अँडीज पर्वत उभा असल्याने त्या बाजूने खोऱ्यात फारसे बाष्प येत नाही.

बाष्पाची ओळख कशी पटवायची

बेलेमहून भरून निघालेली एसटी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक थांब्यावर काही प्रवासी उतरतात, काही नवे चढतात, आणि इकितोसच्या थांब्यावर गाडी भरलेलीच असते. आत नुसती डोकी मोजून कोण बेलेमचा आणि कोण मनौसचा हे कळणार नाही; त्यासाठी तिकिटे पाहावी लागतील.

पाण्याला असे तिकीट निसर्गानेच दिले आहे. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. ऑक्सिजनच्या साधारण पाचशे अणूंमागे एक अणू जड, म्हणजे ऑक्सिजन-१८ असतो. हायड्रोजनमध्येही ड्युटेरियम नावाचा जड भाऊबंद अगदी थोड्या प्रमाणात सापडतो. या समस्थानिकांमुळे जड झालेले पाणी बाष्पात जायला थोडे मागे राहते आणि बाष्पातून पाऊस होताना आधी बाहेर पडते. त्यामुळे समुद्रावरून निघालेले बाष्प समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते. ते जमिनीवर जसजसे आत जाते, तसतसा प्रत्येक सरीत जड रेणूंचा वाटा आधी झडतो आणि मागे उरलेले बाष्प आणखी हलके होते. युरोपसारख्या खंडात किनाऱ्यापासून आत जाताना पावसाचे पाणी असे क्रमाने हलके होत गेलेले स्पष्ट दिसते.

झाडे या क्रमात ढवळाढवळ करतात. मूळ जमिनीतले पाणी जसेच्या तसे उचलते आणि, सरासरीने पाहता, पान ते त्याच मिश्रणासह हवेत सोडते. पावसाने खाली आणलेले जड रेणू अशा रीतीने पुन्हा वर जातात. म्हणून बाष्पोच्छ्वासातून आलेले बाष्प समुद्रावरून आलेल्या बाष्पापेक्षा जड असते. तळी आणि ओल्या पानांवरून उडालेले पाणी मात्र हलके असते. त्यातील ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या समस्थानिकांचे परस्परप्रमाणही वेगळे असते. त्यामुळे झाडांतून आलेले बाष्प आणि उघड्या पाण्यावरून आलेले बाष्प वेगवेगळे ओळखता येते.

१९७९ चा पुरावा

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगभरातल्या पावसाचे नमुने गोळा करून त्यांतील समस्थानिके मोजायला सुरुवात केली होती. ब्राझीलमधील शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी सहकाऱ्यांसह ॲमेझॉन खोऱ्यातल्या पावसाचा असाच अभ्यास केला आणि १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. किनाऱ्यापासून आत जाताना पाऊस हलका होत होता, पण अपेक्षेपेक्षा खूपच कमी. वाटेत झडणारे जड रेणू कुणीतरी भरून काढत होते, आणि ते काम जंगलाचे होते. सालाती आणि सहकाऱ्यांच्या अंदाजाने खोऱ्यातला जवळजवळ निम्मा पाऊस खोऱ्यातच फिरलेल्या पाण्याचा होता.

तोवर रूढ समजूत अशी होती की हवामान जंगल घडवते. जंगलाचा हवामानावर परिणाम असलाच तर नगण्य. या मोजणीने ती समजूत मोडली. एवढ्या अफाट जंगलाच्या बाबतीत कार्यकारणभाव दोन्ही बाजूंनी चालतो, हे पहिल्यांदा पावसाच्याच नमुन्यांतून सिद्ध झाले.

संगणकावरचा पाठलाग

सालातींचा निम्म्याचा अंदाज पुढे खाली आला. १९९४ मध्ये एल्फतिह एल्ताहिर आणि राफाएल ब्रास यांनी वाऱ्यांच्या आणि बाष्पाच्या नोंदींवरून हे प्रमाण २५ ते ३५ टक्के काढले. त्यानंतर साधने खूप सुधारली. जगभरची हवामान केंद्रे, फुगे, विमाने आणि उपग्रह यांच्या नोंदी एकत्र करून दर काही तासांचे वारे, बाष्प आणि पाऊस यांचा संच तयार केला जातो. त्यावर दोन प्रकारे काम चालते. एका पद्धतीत पाऊस पडलेल्या जागेवरच्या हवेच्या पुंजक्याचा दहाएक दिवस मागे पाठलाग करतात आणि वाटेत त्यात कुठे बाष्प वाढले, कुठे घटले याची नोंद घेतात. दुसरीत एखाद्या प्रदेशातून उठलेल्या बाष्पावर गणितात खूण ठेवतात आणि ते पुढे कुठे पडते ते पाहतात. बाष्प हवेत सरासरी आठ-दहा दिवसच टिकते, म्हणून एवढा पाठलाग पुरतो.

२०१८ मध्ये आरी स्टाल आणि सहकाऱ्यांनी अशा बारीक हिशेबातून काढलेला निष्कर्ष असा: ॲमेझॉनच्या पावसापैकी एक तृतीयांश पाऊस खोऱ्यातच उठलेल्या बाष्पाचा असतो, आणि त्यातील दोन तृतीयांश बाष्प झाडांच्या बाष्पोच्छ्वासातून आलेले असते. उरलेला दोन तृतीयांश पाऊस मुख्यतः अटलांटिकची देणगी.

एकच टक्केवारी पुरत नाही

हा एक तृतीयांशचा आकडा सगळीकडे सारखा लागू करता येत नाही. किनाऱ्याजवळच्या पावसात खोऱ्याचा स्वतःचा वाटा थोडा असतो आणि पश्चिमेकडे, विशेषतः नैर्ऋत्येकडे जाताना तो वाढत जातो. याच अभ्यासानुसार खोऱ्याच्या दक्षिण अर्ध्यातली जंगले इतर जंगलांना पाणी पुरवण्यात आघाडीवर आहेत, तर नैर्ऋत्येकडची जंगले या पुरवठ्यावर सर्वाधिक अवलंबून आहेत. एकच पाणी वाटेत दोन-तीनदा पडून पुन्हा उठू शकते.

दुसरी अडचण सीमेची आहे. प्रदेश जितका मोठा घ्याल, तितका स्वतःच्या बाष्पाचा वाटा मोठा दिसतो. एका तालुक्यासाठी तो जवळजवळ शून्य असेल आणि संपूर्ण पृथ्वीसाठी शंभर टक्के. म्हणून दोन खोऱ्यांच्या टक्केवाऱ्या क्षेत्रफळ न पाहता शेजारी ठेवणे चुकीचे ठरते. जगाचा एकत्रित विचार करायचा तर २०१० मध्ये रुड वान डेर एन्ट आणि सहकाऱ्यांनी काढलेला अंदाज असा आहे की जमिनीवर पडणाऱ्या पावसापैकी सुमारे ४० टक्के पाऊस जमिनीवरूनच उठलेल्या बाष्पाचा असतो.

पावसाळा आणण्यात झाडांचा हात

दक्षिण ॲमेझॉनमधला पावसाळा अनेक वर्षे एक कोडे होता. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे जिथे भेटतात, तो पावसाचा पट्टा ऋतूप्रमाणे सरकतो. पण दक्षिण ॲमेझॉनमध्ये तो पट्टा येण्याच्या दोन-तीन महिने आधीच पाऊस सुरू होतो. समुद्राकडून पुरेसे बाष्प आलेले नसताना हे घडते कसे?

उत्तर उपग्रहाने दिले. २००४ मध्ये सोडलेल्या नासाच्या ऑरा उपग्रहावरील उपकरणाने हवेच्या मधल्या थरांतील ड्युटेरियमचे प्रमाण मोजले. जॉनथन राइट, राँग फू आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे विश्लेषण मांडले. कोरडा ऋतू संपत येताना हवेतल्या बाष्पात ड्युटेरियम इतके जास्त होते, की ते बाष्प केवळ समुद्राचे असणे शक्य नव्हते. ते झाडांचे होते. पावसाळ्यापूर्वी झाडांना नवी पालवी फुटते, बाष्पोच्छ्वास वाढतो, ढग उंच वाढू लागतात, हवा तापते आणि वर चढते; मग तिची जागा घ्यायला समुद्राची दमट हवा आत खेचली जाते. इथे जंगल पावसाला हातभार लावते आणि पावसाळ्याची सुरुवातही घडवून आणते.

कोरड्या महिन्यांत झाडांना पाणी कुठून मिळते, याचे उत्तर डॅनियल नेपस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दिले होते. पूर्व ॲमेझॉनमध्ये त्यांना आठ मीटरहून खोल गेलेली मुळे आढळली. ओल्या महिन्यांत खोल जमिनीत साठलेले पाणी ही मुळे कोरड्या महिन्यांत वर आणतात. गवताळ कुरणाला हे जमत नाही. त्याची मुळे उथळ असतात आणि पाऊस थांबला की त्याचा बाष्पोच्छ्वासही मंदावतो.

मनौसपासून काही तासांच्या अंतरावर, दाट जंगलात, ब्राझील आणि जर्मनीच्या सहकार्याने २०१५ मध्ये ३२५ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. जंगल आणि वातावरण यांच्यात उष्णता, वायू आणि बाष्प यांची देवाणघेवाण कशी चालते, याच्या सलग नोंदी तिथे होतात.

अँडीजपाशी वळलेले पाणी

पश्चिमेला वाऱ्यांना अँडीज अडवतो. काही बाष्प पर्वताच्या पूर्व उतारावर कोसळते. ॲमेझॉनचे कित्येक उगमप्रवाह त्यावरच पोसले जातात. उरलेली दमट हवा पर्वताच्या कडेने दक्षिणेकडे वळते आणि बोलिव्हिया, पॅराग्वे, दक्षिण ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिनापर्यंत पोचते. ब्राझीलमध्ये या प्रवाहाला ‘उडत्या नद्या’ म्हणतात. वैमानिक जेरार्ड मॉस यांनी २००७ पासून छोट्या विमानातून या प्रवाहाबरोबर उड्डाणे करून बाष्पाचे नमुने जमा केले, आणि हा विषय ब्राझीलच्या शाळांपर्यंत पोचवला.

दक्षिणेकडच्या ला प्लाटा खोऱ्याच्या पावसात ॲमेझॉनचा वाटा किती, याचे अंदाज मात्र पाचव्या हिस्स्यापासून ७० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. पद्धती वेगळ्या आहेत, आणि वाटेत एकदा पडून पुन्हा उठलेले बाष्प धरायचे की नाही यावरही आकडा बदलतो. दिशा मात्र सगळ्यांची एकच आहे.

यातून एक राजकीय पेच उभा राहतो. ॲमेझॉन सहकार्य करारावर १९७८ मध्ये आठ देशांनी सह्या केल्या. ते सगळे नदीच्या किंवा तिच्या जंगलाच्या प्रदेशातले. बाष्प ज्यांच्याकडे जाते ते पॅराग्वे, अर्जेंटिना आणि उरुग्वे या करारात नाहीत.

दुष्काळ आणि जंगलतोड

बाष्पाचे दोन स्रोत असल्याने पाऊस बिघडण्याच्या वाटाही दोन आहेत. पहिली समुद्राची. २००५ मध्ये उष्णकटिबंधीय उत्तर अटलांटिक नेहमीपेक्षा तापला, पावसाचा पट्टा उत्तरेकडे ओढला गेला आणि ॲमेझॉनच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला. २०१० मध्ये तेच पुन्हा घडले. २०१५-१६ मध्ये प्रशांत महासागरातला एल निनो कारणीभूत होता. २०२३ मध्ये एल निनो आणि तापलेला अटलांटिक एकत्र आले. मनौसच्या बंदरावर रिओ नेग्रो नदीची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींतल्या नीचांकाला गेली आणि २०२४ मध्ये तोही नीचांक मोडला.

दुसरी वाट जंगलाची. २०१२ मध्ये डॉमिनिक स्प्रॅकलन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उष्णकटिबंधातल्या ६० टक्क्यांहून अधिक जमिनीवर, आधीचे काही दिवस दाट हिरवाईवरून आलेली हवा उजाड प्रदेशावरून आलेल्या हवेपेक्षा किमान दुप्पट पाऊस देते. ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था १९८८ पासून दरवर्षी उपग्रहांच्या मदतीने जंगलतोड मोजते आहे. सर्वाधिक तोड दक्षिण आणि पूर्व कडेला, म्हणजे बाष्पाच्या वाटेवरच झाली आहे. थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये इशारा दिला, की तोड मूळ जंगलाच्या २० ते २५ टक्क्यांवर गेली तर पूर्व, दक्षिण आणि मध्य ॲमेझॉनमधले जंगल विरळ झाडीच्या गवताळ प्रदेशात बदलू शकते. नेमकी मर्यादा कोणती यावर मतभेद आहेत. पण पाऊस घटला की झाडे मरतात आणि झाडे मेली की पाऊस आणखी घटतो, या साखळीबद्दल फारसा वाद नाही.

आपल्याकडे काय दिसते

भारतातला मोसमी पाऊस प्रामुख्याने समुद्राच्या बाष्पावर चालतो. तरीही जमिनीचा वाटा इथेही सापडतो. आयआयटी मुंबईतील सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की मोसमाच्या अखेरीस, सप्टेंबरच्या सुमारास, गंगेच्या खोऱ्यात २० ते २५ टक्के पाऊस जमिनीवरूनच उठलेल्या बाष्पाचा असतो. तोवर माती भिजलेली असते, हिरवाई भरात असते आणि समुद्रावरचे वारे मंदावू लागलेले असतात.

महाराष्ट्राशी अधिक जवळचा निष्कर्ष याच संस्थेतील गटाचा, २०१८ मधला आहे. नैर्ऋत्य मोसमी काळात तमिळनाडूत जो पाऊस पडतो, त्यातील २५ ते ४० टक्के बाष्प पश्चिम घाटाच्या जंगलांतून येते, आणि तुटीच्या वर्षांत हे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत जाते. घाटातली झाडी कमी झाली, तर त्याची झळ घाटापासून शेकडो किलोमीटरवरच्या शेतालाही लागू शकते.

नदीचे दुसरे क्षेत्र

पाणलोट क्षेत्राची सीमा आपण डोंगरांच्या माथ्यांवरून आखतो आणि पाण्याचे नियोजन त्या सीमेच्या आत करतो. धरणे, कालवे, लवाद, पाणीवाटप, सगळे त्याच रेषेवर चालते. बाष्पाचा माग काढणाऱ्या अभ्यासांनी दाखवलेले आहे की प्रत्येक नदीला दुसरेही एक क्षेत्र असते: वाऱ्याच्या वरच्या बाजूचा समुद्र आणि जंगल, जिथून तिचा पाऊस उठतो. समुद्राचे तापमान एखाद्या राज्याच्या किंवा देशाच्या हातात नसते. जंगल राखणे असते. म्हणून नदीच्या पाण्याची चिंता करणाऱ्या प्रत्येक योजनेत वाऱ्याच्या वाटेवरचे जंगलही मोजले गेले पाहिजे, मग ते दुसऱ्या राज्यात असो की दुसऱ्या देशात.